सूज, ठणका, पू आणि ताप : वाचकांच्या शंका

सोयाबीनची काढणी उरकली, कापसाची वेचणी चालू आहे आणि ऊसतोडीच्या टोळ्या फडांवर पोचल्या आहेत. विळ्या-कोयत्याच्या जखमा, रुतलेले काटे आणि मुरगळलेले पाय यांचे हेच दिवस. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतात : इजा झाली किंवा जंतू शिरले की शरीरात उठणारा दाह. म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सोयाबीन काढताना बोटाला विळा लागला. रक्त लगेच थांबलं, पण संध्याकाळपर्यंत बोट लाल झालं, सुजलं आणि रात्रभर ठणकलं. जखम एवढीशी, सूज एवढी का? आणि चिघळलं असं कधी समजायचं? (औसा, जि. लातूर)

उत्तर : लालपणा, सूज, गरम लागणं आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. ती जखमेने केलेली नाहीत, तुमच्या शरीराने मुद्दाम घडवून आणलेली आहेत. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

कातडी कापली की आधी रक्तवाहिन्या काही क्षण आकसतात आणि रक्तातल्या बिंबाणू (प्लेटलेट) कापलेलं तोंड बुजवतात. तोवर फुटलेल्या पेशींतून आतला ऐवज बाहेर सांडलेला असतो. कातडीखाली कायम मुक्कामाला असणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी तो ओळखतात : मॅक्रोफेज आणि मास्ट पेशी. मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामीन सोडतात. त्याने बारीक धमन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं. म्हणून बोट लाल आणि गरम. त्याच वेळी लहान शिरांच्या भिंतींतल्या पेशींमध्ये फटी पडतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो; ही सूज. या पाण्यातून जंतूंना चिकटणारी प्रथिनं जखमेपर्यंत येतात, आणि फायब्रिन नावाच्या तंतूंचं जाळं विणलं जाऊन घाण आहे त्या जागी कोंडली जाते.

वेदनेला दोन कारणं. ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं नसांची टोकं हळवी करतात, आणि साचलेल्या पाण्याचा दाब पडतो. बोटाच्या टोकाशी आत घट्ट पडद्यांचे कप्पे असतात, फुगायला जागा नसते. म्हणून पोटरीवरच्या मोठ्या जखमेपेक्षा बोटाची छोटी जखम जास्त ठणकते. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून झोपलात तर ठणका बराच कमी होतो.

पहिल्या दिवसभरात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पोचतात. अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करते. रक्तवाहिनीच्या भिंतीवर त्या आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. जंतूला गिळून त्या आत ब्लीचिंगच्या जातीची तीव्र रसायनं ओततात. या माऱ्यात आसपासच्या चांगल्या मांसाचंही थोडं नुकसान होतं. एक-दोन दिवसांनी मागून मोनोसाइट येतात, त्यांचे मॅक्रोफेज बनतात, आणि मेलेले न्यूट्रोफिल व कचरा ते खाऊन टाकतात. दाह इथून उतरणीला लागतो. हे उतरणंसुद्धा शरीर वेगळी रसायनं सोडून घडवतं, तो आपोआप विझत नाही. तीन ते पाच दिवसांत लालसर, दाणेदार कोवळं मांस दिसू लागतं. आठवड्याने टाके काढताना जखम मिटलेली दिसते खरी, पण त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या फक्त दहा टक्क्यांच्या आसपास असते. तीन महिन्यांनी ती सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाते, पूर्ववत कधीच होत नाही. टाके निघाल्या दिवशीच कोयता हातात धरू नये तो यामुळे.

चिघळण्याची खूण वेळेत आहे. साध्या जखमेचा लालपणा कडेपुरता असतो, दोन दिवस वाढतो आणि तिसऱ्या दिवसापासून ओसरतो. अठ्ठेचाळीस तासांनंतरही तो वाढतोय, कमी झालेला ठणका परत आला, पू किंवा वास येतोय, तर जंतूंनी बाजी मारली आहे. लालपणाच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. सहा-आठ तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल किंवा हातावर लाल पट्टा वर चढताना दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दिसायला जखम किरकोळ पण वेदना असह्य, कातडी काळी-निळी पडतेय, फोड येताहेत, दाबल्यावर करकर जाणवते, माणूस बरळतोय, धाप लागलीय, लघवी कमी झालीय : यांतलं एक जरी असेल तरी रात्र काढू नका, १०८ ला फोन करा.

प्रश्न : आमच्याकडे जखमेवर हळद, चुना नाहीतर कंबरमोडीचा पाला चोळून लावतात. दवाखान्यात मात्र त्यावरून बोलणी खावी लागतात. (गंगाखेड, जि. परभणी)

उत्तर : बोलणी खावी लागू नयेत, पण म्हणणं दवाखान्याचंच बरोबर आहे. डब्यातली हळद आणि बांधावरचा पाला निर्जंतुक नसतो. मातीत आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात, आणि त्यांना बंद, प्राणवायू नसलेली जखमच मानवते. पाल्याचा लगदा भरून वर फडकं आवळलं की आपण नेमकी तशी जागा तयार करून देतो. चुन्याने कातडी भाजते. हळदीने आणखी एक नुकसान होतं : लालपणा वाढतोय की ओसरतोय हे पिवळ्या रंगाखाली दिसतच नाही.

करायचं ते असं. स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघितलंत की धरलेली गुठळी निघते. रक्त थांबल्यावर पिण्याच्या पाण्याची धार पाच-दहा मिनिटं जखमेवर सोडा. साबण आजूबाजूच्या कातडीला लावा. माती आणि काड्या पूर्ण निघाल्या पाहिजेत, कारण आत राहिलेला कण दाह लांबवतो. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेत ओतू नका, त्यांनी कोवळ्या पेशी मरतात. वर कोरडी पट्टी. ती रोज बदला, आणि भिजली तर लगेच. जखम खोल असेल, कडा उघड्या राहत असतील किंवा बोट वाकत नसेल, तर टाक्यांसाठी त्याच दिवशी जा.

धनुर्वाताची लस : स्वच्छ, किरकोळ जखमेला मागचा डोस दहा वर्षांच्या आत झालेला असेल तर चालतं; माती-शेणाच्या किंवा खोल जखमेला पाच वर्षांच्या आत. आठवत नसेल तर घ्या. लसीचा पुरता कोर्स कधीच झाला नसेल आणि जखम घाणेरडी असेल, तर लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. धनुर्वातात जखम लाल-सुजलेली दिसेलच असं नाही, अगदी बरी झालेली दिसत असतानाही जबडा आखडतो. त्यामुळे सूज नाही म्हणून लस टाळणं हा हिशेब चुकतो.

हळद जेवणात खुशाल असू द्या. तिच्यातलं करक्युमिन दाहाच्या काही रसायनांना आवरतं हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण हळदीत ते वजनाच्या साधारण तीन टक्केच असतं आणि आतड्यातून फार थोडं शोषलं जातं. हळदीचं दूध चिघळलेल्या जखमेचं औषध नाही.

प्रश्न : टाचेला भेग पडून पिकली आणि जांघेत अवधाण आलं. दुखणं टाचेला, गाठ जांघेत कशी? (परतूर, जि. जालना)

उत्तर : पायात झिरपलेलं जादा पाणी लसिकावाहिन्यांमधून वर येतं आणि जांघेतल्या गाठींमधून गाळलं जातं. त्यात आलेले जंतूंचे तुकडे ओळखून तिथल्या पेशी भराभर वाढतात, म्हणून गाठ सुजते. गाठीला शेक किंवा लेप नको, टाचेवर उपचार करा. टाच बरी झाल्यावर गाठ दोन-चार आठवड्यांत बसते. ती बसत नसेल, दगडासारखी घट्ट लागत असेल, किंवा पायाला काहीच झालेलं नसताना आली असेल, तर तपासून घ्या.

प्रश्न : मुलाला वारंवार केसतूड होतं. पिकलं की आम्ही दाबून पू काढतो. घरातल्या मोठ्यांना काखमांजरी झाली तेव्हा गोळ्यांचा कोर्स करूनही ती बसली नाही. (वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल, जिवंत-मेलेले जंतू आणि विरघळलेलं मांस. त्याच्याभोवती शरीराने भिंत उभारलेली असते. दाबलं की पू बाहेर येतो तसा ती भिंत फुटून आतही घुसतो. नाक आणि ओठांच्या कोपऱ्यांमधल्या भागातलं केसतूड तर अजिबात दाबू नका. तिथल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांना जोडलेल्या असतात, संसर्ग मेंदूच्या दिशेने जाऊ शकतो.

गोळ्यांनी काखमांजरी का बसली नाही याचंही उत्तर त्या भिंतीत आहे. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात. अँटिबायोटिक रक्तातून येतं, ते आत पुरेसं पोचत नाही. पू साचला की चीर देऊन तो बाहेर काढणं हाच मुख्य उपचार, औषध त्याच्या जोडीला. सुरुवातीला, गाठ घट्ट असताना, कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकलं तर केसतूड बऱ्याचदा आपोआप फुटतं किंवा जिरतं.

वारंवार होत असेल तर घरातल्या कुणाच्या तरी नाकपुडीत स्टॅफिलोकॉकस जंतूंचा मुक्काम असण्याचा संभव आहे. प्रत्येकाचा पंचा वेगळा करा, नखं कापा, आणि मोठ्यांची साखर एकदा तपासून घ्या.

प्रश्न : जखम पायाला, तरी थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं तर सीआरपी (दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) एका लॅबमध्ये ४.८ आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ५२. एका दिवसात दहापट? (केज, जि. बीड)

उत्तर : आधी रिपोर्टवरचं एकक बघा. पहिल्या लॅबने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसरीने मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलं असण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर ४.८ म्हणजेच ४८. सीआरपी वाढलेलाच आहे, पण दहापट उडी नाही. दोन्हींकडे एकक लिटरचंच असेल तर मात्र वाढ खरी समजा. चढता सीआरपी आठ-दहा तासांत दुप्पट होऊ शकतो.

दाह मोठा झाला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही रसायनं रक्तात सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तापमान वर न्यायला लावतात. नव्या पातळीपेक्षा शरीर थंड ठरतं, म्हणून हुडहुडी भरते. अंग चटके देत असतानाही घोंगडी ओढावीशी वाटते ती यामुळे. हीच रसायनं यकृताला सीआरपी बनवायला सांगतात. तो पाच-सहा तासांत वाढू लागतो, दोन दिवसांच्या सुमारास कळस गाठतो, आणि कारण थांबलं की दर एकोणीस तासांनी निम्मा होतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा दोन दिवसांतला चढ-उतार जास्त सांगून जातो. दाह शरीरात कुठे आहे हे मात्र सीआरपी सांगत नाही. ईएसआर (तांबड्या पेशी नळीत खाली बसण्याचा वेग, दाहाचीच दुसरी तपासणी) फार सावकाश बदलतो, आणि रक्त कमी असलं, गरोदरपण असलं, वय झालं तरी वाढलेला दिसतो.

तापाने त्रास होत असेल तर मोठ्यांना पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसात ३ ग्रॅमवर नको. दारू पिणाऱ्यांनी किंवा कावीळ झालेल्यांनी आधी विचारावं. लहान मुलांना एका डोसाला प्रत्येक किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. बर्फाच्या पाण्याने पुसू नका. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कापरं वाढतं आणि ताप आतच राहतो.

प्रश्न : घोटा मुरगळला. एक म्हणतो बर्फ, दुसरा म्हणतो गरम विटेने शेक, तिसरा चोळायला बसतो. (कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : पहिले दोन दिवस बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने. बर्फाने ठणका बधिर होतो. अस्थिबंध लवकर जुळतो असं मात्र नाही. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा. बोटं निळी किंवा बधिर झाली तर सैल करा. पाय छातीपेक्षा उंच ठेवा. या काळात शेकलं तर आधीच रुंदावलेल्या वाहिन्यांतून आणखी पाणी झिरपतं, आणि चोळलं तर फाटलेले तंतू पुन्हा फाटतात. शेक तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर, सूज उतरू लागल्यावर. तेव्हापासून घोटा हळूहळू वर-खाली हलवा, फार दिवस जखडून ठेवला तर तो आखडतो. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर चोळणाऱ्याकडे न जाता एक्स-रे काढा.

प्रश्न : दाह जर उपयोगाचा, तर दुखण्याची गोळी घेऊन आपण तो मोडत नाही का? आमच्याकडे मेडिकलवर पुडीत बांधून गोळ्या मिळतात, एका दिवसात सगळं दुखणं पळतं. (अंबड, जि. जालना)

उत्तर : जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक यांचंही काम याच वाटेने चालतं. दोन-तीन दिवस योग्य मात्रेत घेतल्याने साधी जखम भरायची थांबत नाही. धोका दुसरीकडे आहे. जठराचं अस्तर सांभाळायला आणि पाणी कमी पडल्यावर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायला हेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर घाम गाळून, पाणी न पिता, उपाशीपोटी डायक्लोफिनॅक घेणाऱ्याचं मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने ही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल. बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असतं, तेव्हा नावाखालचा बारीक मजकूर वाचा.

पुडीची गोष्ट वेगळी, आणि त्याबद्दल आम्हाला कळकळीने सांगायचं आहे. एका दिवसात सगळं दुखणं पळवणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड असू शकतं. स्टेरॉइड दाहाची सगळी साखळी मुळाशी दाबतं. लाली, सूज, ताप जातात आणि जंतू मोकळे वाढतात; रोगी बरा दिसत असतानाच संसर्ग पसरतो. महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा फुगतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं. मग एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं गेलं असेल तर आपल्या मनाने सोडू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्याच्या झटक्यात ते जीव वाचवतं. पण आपण काय घेतोय हे घेणाऱ्याला माहीत असायला हवं, आणि पुडीत ते कळायला मार्ग नसतो.

गजकर्णावरची मिश्र मलमंही याच जातीची. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलेलं मलम लावलं की खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि चट्ट्याचा आकार बदलल्याने पुढे डॉक्टरांनाही ओळखणं जड जातं.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे. तळपायाला छोटी जखम आहे, पण दुखत नाही, ताप नाही. ते म्हणतात काळजीचं कारण नाही. (लोहा, जि. नांदेड)

उत्तर : आहे, आणि दुखत नाही हेच ते कारण. साखर सतत चढलेली असली की न्यूट्रोफिल जखमेपर्यंत धिम्याने पोचतात आणि जंतूला नीट मारत नाहीत. पायाच्या नसा बधिर झालेल्या, रक्तपुरवठा अरुंद झालेला. दाहाची चारही लक्षणं फिकी पडतात. हाडापर्यंत संसर्ग गेलेल्या अनेकांना ताप नसतो आणि पांढऱ्या पेशीही वाढलेल्या नसतात. वडिलांना या आठवड्यात नाही, उद्या न्या. जखमेत सळई घालून हाड लागतं का, पायाच्या नाड्या लागतात का, हे डॉक्टर तपासतील. जखमेवर चालणं तोवर बंद.

रोज संध्याकाळी दोन्ही तळवे आरशात किंवा घरातल्या कुणाकडून बघून घ्या, बोटांच्या बेचक्यांसकट. हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावा. एक पाय स्पष्ट गरम लागला तर जखम नसली तरी दाखवा. पाय गरम, लाल, सुजलेला आणि तरी न दुखणारा असेल तर आतली हाडं मोडत असण्याची शक्यता असते. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी जायचा नवस असेल, तर पायात मऊ चप्पल घालून जा म्हणावं; बधिर तळव्याला डांबराचा चटका कळत नाही.

प्रश्न : बाभळीचा काटा दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याजवळ मोडला. एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी गुडघा अधूनमधून सुजतो. (भूम, जि. धाराशिव)

उत्तर : १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ यांनी स्टारफिशच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला पाहिला. जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून उभी राहिली आणि १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या गुडघ्यात तेच चाललेलं असावं. काट्याचं लाकूड मॅक्रोफेजना पचत नाही; त्या एकमेकींत मिसळून मोठ्या पेशी बनतात, काट्याला वेढतात, आणि दाह महिनोन्‌महिने धुमसत राहतो. टोक सांध्यात शिरलेलं असेल तर गुडघ्यात पाणी भरतं, आणि पुष्कळदा त्याला संधिवात समजून गोळ्या चालू होतात.

एक्स-रेत लाकूड सहसा दिसत नाही. सोनोग्राफी करा, आणि काटा मोडल्याचं तपासणाऱ्याला आधी सांगा. तुकडा सापडला तर तो काढल्याखेरीज सूज जाणार नाही. गुडघा एकाएकी लाल-गरम झाला आणि वाकेनासा झाला, तर सांध्यात पू झाल्याची शंका धरून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. सांध्यात पू झाला तर कूर्चा काही दिवसांतच खराब होते.